तेतमध्ये व्हिएतनामला जाताना: पाहुण्यांसाठी रीतभात, तयारीपासून परतीपर्यंत

व्हिएतनामला कधी जाऊ नये असं विचारलं, तर बरेच ट्रॅव्हल एजंट तेतचं, म्हणजे तिथल्या चांद्र नववर्षाच्या सणाचं, नाव घेतात. दुकानं बंद, तिकिटं महाग, हॉटेलात निम्मा स्टाफ गावाला गेलेला. हे सगळं खरं आहे. तरीही कधी जावं असं मला कुणी विचारलं, तर मी तेतचंच नाव घेतो. अट एवढीच की तेत म्हणजे रस्त्यावरचा जल्लोष नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं हवं. हा घरी परतण्याचा सण आहे. माणसं गावी जातात, पूर्वजांना घरी बोलावतात आणि दार लावून आपल्या माणसांत बसतात. परदेशी माणसाला त्या दारातून आत घेतात, पण कधी आणि कसं, याचे नियम आहेत. ते पाळले तर दुसरा कुठलाही आठवडा देणार नाही इतकं हा आठवडा देतो.

आधी तारीख नीट समजून घ्या

पूर्ण नाव तेत न्गुयेन दान. व्हिएतनामी पंचांगात महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो, त्यामुळे वर्षाचा पहिला दिवस साधारण 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान पडतो. 2027 मध्ये तो 6 फेब्रुवारीला, शनिवारी आहे आणि वर्ष बोकडाचं आहे. 2028 मध्ये 26 जानेवारी, वर्ष माकडाचं.

बहुतेक वर्षी हीच तारीख चिनी नववर्षाची असते, पण नेहमी नाही. व्हिएतनाम हनोईच्या वेळेनुसार अमावास्या मोजतो आणि ती वेळ बीजिंगच्या एक तास मागे आहे. अमावास्येचा क्षण मध्यरात्रीच्या आसपास आला की दोन देशांची तारीख फुटते. 2007 मध्ये एका दिवसाचा फरक पडला होता, 2030 मध्ये पुन्हा पडेल: व्हिएतनामात 2 फेब्रुवारी, चीनमध्ये 3. 1985 साली तर अख्ख्या महिन्याचं अंतर होतं. म्हणून तिकीट काढताना व्हिएतनामी तारीखच बघा. आणि तिथे गेल्यावर कुणालाही ‘हॅपी चायनीज न्यू इयर’ म्हणू नका. समोरचा हसून सोडून देईल, पण ते त्याला लागलेलं असतं. राशीचक्रही तंतोतंत तेच नाही. चिनी सशाच्या जागी इथे मांजर आहे आणि बैलाच्या जागी म्हैस.

कायद्याने तेतची सुट्टी पाच दिवसांची आहे. मागचे-पुढचे शनिवार-रविवार जोडून ती सात ते नऊ दिवसांपर्यंत जाते. प्रत्यक्षात देश त्याच्याही आधी सैल पडायला लागतो.

किती दिवस, आणि कुठे

मला विचाराल तर पहिल्या दिवसाच्या आठ-दहा दिवस आधी पोहोचा. शेवटच्या चांद्र महिन्याचा, म्हणजे चापचा, 23 वा दिवस हा तेतच्या लगबगीचा खरा प्रारंभ. 2027 मध्ये तो 30 जानेवारीला येतो. तिथपासून वर्षाच्या शेवटच्या दुपारपर्यंत शहरं जी काही दिसतात, ती वर्षभरात पुन्हा दिसत नाहीत. फक्त पहिला दिवस गाठायचा म्हणून आदल्या संध्याकाळी उतरणाऱ्या माणसाच्या वाट्याला बंद शटर येतात.

हनोई की सायगॉन? (हो ची मिन्ह सिटी हे अधिकृत नाव, पण लोक बोलताना सायगॉनच म्हणतात.) जुन्या चालीरीती बघायच्या असतील तर हनोई. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत 15 ते 20 अंश, कुंद आभाळ आणि अंगाला न कळत भिजवणारी बारीक भुरभुर असते, तेव्हा स्वेटर आणि पातळ रेनकोट न्या. सायगॉनमध्ये त्याच दिवसांत कडक ऊन, तिशीच्या वर तापमान, आणि वातावरण जास्त मोकळंढाकळं. हुए हा मधला, शांत पर्याय. तिथल्या राजवाड्याच्या आवारात 23 व्या दिवशी ‘नेउ’ नावाचा उंच बांबू उभारतात आणि सातव्या दिवशी उतरवतात. दा नांग, न्हा त्रांग, फू क्वोक ही समुद्रकाठची ठिकाणं तेतमध्येही चालू असतात, मात्र दुसऱ्या दिवसापासून तिथे देशी पर्यटकांची झुंबड उडते.

व्हिसा, तिकिटं आणि रोख पैसे

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा लागतो. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. सरकारी संकेतस्थळावरून, आणि निदान महिनाभर आधी अर्ज करा. सुट्टीत सरकारी कचेऱ्या बंद असतात, तेव्हा नावात एका अक्षराची चूक निघाली तरी दुरुस्त करायला माणूस भेटत नाही.

देशांतर्गत प्रवासाचा एक हिशेब बहुतेकांना ठाऊक नसतो. तेतच्या आधी सायगॉन आणि आसपासच्या कारखान्यांतले लाखो लोक उत्तरेकडे आणि मध्य व्हिएतनामकडे निघतात. तेतनंतर तीच गर्दी उलट फिरते. म्हणून सणाआधी सायगॉनहून हनोईला जाणारी विमानं आणि रेल्वे महिनोन्‌महिने आधी भरतात, हनोईहून सायगॉनला येणारी मात्र बरीच रिकामी असतात. तुमचा मार्ग गर्दीच्या उलट आखा. सणाआधी दोन्ही शहरं बघायची असतील तर हनोईत उतरून दक्षिणेकडे या. तेत हनोईतच करायचा असेल तर आधी तिथेच मुक्काम ठोका आणि उरलेला देश सुट्टी संपल्यावर बघा.

रोख पैसे सणाच्या तीन-चार दिवस आधीच काढून ठेवा. बँका बंद होतात आणि एटीएमसमोर रांगा लागून ती रिकामीही होतात. टॅक्सी ॲपवर तेतचा जादा आकार लागतो, उघडी असलेली हॉटेलंही बिलावर थोडे टक्के चढवतात. ही लूट नाही. सणाच्या दिवशी घरचं ताट सोडून कुणीतरी तुमच्यासाठी उभं आहे, त्याचे ते पैसे आहेत. हुज्जत घालू नका.

सणाआधीचा आठवडा

23 व्या दिवशी घरोघरचे चूलदेव, ओंग ताओ, वर्षभराचा अहवाल घेऊन स्वर्गात जातात अशी समजूत आहे. त्यांचं वाहन कार्प मासा. म्हणून त्या दिवशी लोक पूजा करून जिवंत लाल मासे तळ्यात, नदीत सोडतात. हनोईत कुठल्याही तळ्याकाठी सकाळी जाऊन उभे राहिलात तर हे दिसेल. फोटो काढायला कुणी हरकत घेत नाही, पण पुलाच्या कठड्यावर रेलून कुणाच्या हातासमोर कॅमेरा धरू नका. तो माणूस त्या क्षणी पूजेत असतो.

मग फुलं. उत्तरेत गुलाबी पीचच्या फांद्या, दक्षिणेत ‘माय’ नावाची पिवळी फुलं, आणि दोन्हीकडे नारिंगी फळांनी लगडलेली कुमक्वाटची झाडं. हनोईच्या न्यात तान भागात पीचच्या बागा आहेत. क्वांग बाचा फुलबाजार मध्यरात्रीनंतर रंगात येतो, तेव्हा पहाटे तीनला उठायची तयारी असेल तर जाच. हांग मा गल्ली कंदील, लाल पाकिटं आणि कागदी सजावटीने फुललेली असते. सायगॉनमध्ये न्गुयेन हुए रस्ता काही दिवस वाहनांना बंद करून त्यावर फुलांचं प्रदर्शन मांडतात. माझी आवड विचाराल तर बिन दोंग धक्का. मेकाँगच्या मुखाकडून फुलांनी भरलेल्या होड्या कालव्यातून तिथे येऊन लागतात आणि विक्री धक्क्यावरच होते.

मोटरसायकलच्या मागे अख्खं झाड बांधून निघालेला माणूस इथे तुम्हाला दर पाच मिनिटांनी दिसेल. सिग्नलला त्याच्या मागे उभे राहिलात तर डोळे सांभाळा.

हनोईत वान मिएउ, म्हणजे जुन्या विद्यामंदिराच्या परिसरात सुलेखनकार बसतात. त्यांना ‘ओंग दो’ म्हणतात. लाल कागदावर एक अक्षर लिहून घ्यायची पद्धत आहे: शांती, दीर्घायुष्य, विद्या, जे हवं ते. कागद दोन्ही हातांनी घ्या आणि शाई वाळेपर्यंत गुंडाळू नका.

याच दिवसांत ‘तात निएन’ची जेवणं होतात. कचेऱ्या, कारखाने, मित्रमंडळी, सगळे वर्ष संपवायला एकत्र जेवतात. परदेशी पाहुण्याला आमंत्रण येण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त असते आणि ते बिनदिक्कत स्वीकारावं. या जेवणाला शुभाशुभाचं ओझं नसतं. खा, प्या, गा. ‘मोत, हाय, बा, झो!’ असा एक-दोन-तीन आरोळीचा पेला उंचावला जाईल. ग्लास भिडवताना आपला ग्लास वडीलधाऱ्यांच्या ग्लासापेक्षा किंचित खाली धरतात. पीत नसाल तर पाणी घेऊन उभे राहा, फक्त बसून राहू नका. आणि प्यालात तर दुचाकीला हात लावू नका. 2020 पासून चालकाच्या श्वासात मद्याचा अंशही चालत नाही आणि तेतच्या आसपास तपासणी कडक असते.

बान चुंग: बोलावलं तर नक्की जा

तेतचा मुख्य पदार्थ उत्तरेत बान चुंग. चिकट तांदूळ, मध्ये मूगडाळीचा थर, त्यात डुकराच्या मांसाचा चरबीदार तुकडा आणि मिरी, हे सगळं झोंगच्या रुंद हिरव्या पानांत चौकोनी बांधलेलं. दक्षिणेत तेच केळीच्या पानात लांबट गोल बांधतात, त्याला बान तेत म्हणतात. कुणी बांधायला बोलावलं तर ती सकाळ सोडू नका.

पानं आदल्या दिवशी एकेक करून धुऊन, पुसून ठेवलेली असतात. घरातली जाणती बाई पानाचा देठ कात्रीने सपाट करते, चार पानं एकमेकांवर काटकोनात मांडते आणि कडा दुमडून बघता बघता चौकोन उभा करते. वाटीभर तांदूळ, मूठभर डाळ, मांस, पुन्हा डाळ, पुन्हा तांदूळ. मग बांबूच्या ओल्या पातळ सालींनी आवळायचं. इथे नवख्याचा घोळ होतो: सैल बांधलं तर पाणी शिरून भात पांचट होतो, फार घट्ट बांधलं तर तांदूळ फुगायला जागा राहत नाही. तुमचा पहिला चौकोन तिरका होणार, सगळे हसणार, आणि तोही इतरांबरोबर पातेल्यात जाणार. उकळायला दहा-बारा तास लागतात. जुन्या गल्ल्यांत अजूनही फुटपाथवर लाकडं पेटवून पत्र्याचं मोठं पिंप चढवतात आणि घरातली पोरं रात्रभर पाण्याची भर घालत जागतात. तिथे स्टूल ओढून बसायला आमंत्रण लागत नाही. शिजल्यावर पाटाखाली दाबून पाणी काढतात. कापायला सुरी नसते, त्याच बांबूच्या साली आडव्या-उभ्या लावून खेचल्या की आठ तुकडे होतात.

वर्षाची शेवटची रात्र

2027 आणि 2028, दोन्ही वर्षी चाप महिना 29 दिवसांचा आहे, त्यामुळे शेवटची रात्र 29 ची. दुपारी बारानंतर दुकानं झपाट्याने बंद होतात. पाणी, फळं, नूडल्सची पाकिटं, औषधं ही खरेदी आदल्या दिवशीच उरका.

मध्यरात्रीच्या त्या क्षणाला ‘झाओ थुआ’ म्हणतात. घरोघरी दोन पूजा मांडतात, एक बाहेर अंगणात किंवा गच्चीवर, एक आत पूर्वजांच्या वेदीसमोर. उकडलेला कोंबडा, गाकच्या फळाने लालभडक केलेला चिकट भात, फुलं, उदबत्त्या. मोठ्या शहरांत सरकारी आतषबाजी होते, हनोईत होआन किएम तळ्याभोवती त्यासाठी गर्दी जमते. लोकांनी स्वतः आवाजाचे फटाके उडवण्यावर 1995 पासून बंदी आहे, तेव्हा लवंगी माळेची अपेक्षाही नको आणि प्रयत्नही नको.

बारा वाजून गेल्यावर लोक देवळात जातात. परतताना रस्त्याकडेला छोट्या लाल पिशव्यांतून मीठ विकणाऱ्या बायका दिसतील. वर्षाच्या सुरुवातीला मीठ घ्यायचं, अशी म्हणच आहे. घ्या एक पिशवी आणि भाव करू नका. पूर्वी देवळातून येताना झाडाची कोवळी फांदी तोडून आणायचे. आता तोडू नका असं सगळीकडे सांगतात, आणि बरोबरच आहे.

पहिला दिवस: न बोलावता कुणाकडे जाऊ नका

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

नव्या वर्षात घराचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडणारा माणूस त्या घराचं वर्षभराचं नशीब आणतो, असं मानतात. या प्रथेला ‘सोंग दात’ म्हणतात. हा माणूस लोक योगायोगावर सोडत नाहीत. घरच्या कर्त्याच्या जन्मवर्षाशी ज्याचं वर्ष जुळतं, ज्याचा संसार आणि धंदा नीट चालला आहे, ज्याच्या घरात वर्षभरात मृत्यू झालेला नाही, अशाला आधी विचारून ठेवतात. काही घरांत बाहेरचा धोकाच नको म्हणून घरातलाच एखादा मध्यरात्रीआधी बाहेर पडतो आणि बारानंतर परत आत येतो.

आता कल्पना करा, सकाळी नऊला मिठाईचा डबा घेऊन तुम्ही हसत दारात उभे. यजमान तुम्हाला हाकलणार नाही. पण वर्षभरात काहीही बिनसलं, दुकान चाललं नाही, आजी आजारी पडली, तर कुणाच्या तरी मनात तुमचा चेहरा येईल. म्हणून शेजारी असो, होमस्टेचा मालक असो की ऑफिसातला जिवलग मित्र, पहिल्या दिवशी स्वतःहून जायचं नाही. ‘कधीही या’ हे तोंडभरून दिलेलं आमंत्रण पुरेसं नाही, दिवस आणि वेळ ठरलेली हवी. होमस्टेत राहत असाल तर आदल्या रात्रीच विचारा: सकाळी मी खाली केव्हा यावं? प्रश्नच त्यांना आवडतो.

उलटही घडतं. काही घरांत परदेशी पाहुणा शुभ समजतात आणि मुद्दाम तुम्हालाच पहिलं बोलावतात. मग ठरलेल्या वेळी जा, उजळ कपडे घाला, दारातच शुभेच्छा द्या, हातात काहीतरी असू द्या आणि फार वेळ रेंगाळू नका. तुमच्या घरी त्या वर्षात कुणी गेलं असेल तर मात्र ते आधी सांगा आणि नम्रपणे नकार द्या. सुतक लपवून शुभकार्याला जाणं जसं आपल्याकडे खपत नाही, तसंच तिथेही.

भेटींचा क्रमही ठरलेला आहे: पहिला दिवस वडिलांकडच्यांचा, दुसरा आईकडच्यांचा, तिसरा गुरूंचा. तुम्ही मित्र किंवा सहकारी असाल तर तुमची जागा तिसऱ्या दिवसापासून पुढे. पहिला दिवस स्वतःसाठी ठेवा. एरवी मोटरसायकलींच्या लोंढ्यात बुडालेलं हनोई त्या सकाळी इतकं रिकामं असतं की जुन्या भागात रस्त्याच्या मधोमध चालता येतं.

त्या दिवशीची पथ्यं: झाडू मारायचा नाही, कचरा बाहेर टाकायचा नाही, कारण त्याबरोबर लक्ष्मीही जाते. कुणाकडे काडेपेटी, लायटर किंवा पाणी उसनं मागायचं नाही. पैसे परत मागायचे नाहीत. काच फोडायची नाही, आवाज चढवायचा नाही, मृत्यू-अपघात-आजारपणाचे विषय काढायचे नाहीत. तुमच्या हॉटेलच्या खोलीची साफसफाई त्या दिवशी झाली नाही तर तक्रार करू नका.

लाल पाकीट

उत्तरेत ‘मुंग तुओइ’, दक्षिणेत ‘ली सी’. मोठ्यांनी लहानांना, कमावत्यांनी म्हाताऱ्यांना द्यायचं. पाहुणा म्हणून तुम्ही घरातल्या मुलांना दिलंत तर आनंद होतो, आजी-आजोबांना दिलंत तर जास्तच.

नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. चुरगळलेली नोट देण्यापेक्षा न दिलेली बरी. मुलांसाठी 20,000 किंवा 50,000 डोंग पुरे, अगदी जवळच्या घरात 100,000 किंवा 200,000. ढोबळमानाने 300 डोंगांचा एक रुपया धरा. मोठी रक्कम घालून यजमानाला पेचात टाकू नका, कारण तुमच्या मुलांना तेवढंच परत देणं त्याला भाग पडतं. अमेरिकेची दोन डॉलरची नोट इथे शुभ मानतात, जमली तर चार-पाच घेऊन जा.

पाकीट भरताना दिव्याखाली बसा. 20,000 आणि 500,000 च्या नोटा दोन्ही निळसर आहेत आणि घाईत हमखास फसवतात.

देताना दोन्ही हात, नजर समोर, आणि एक शुभेच्छा: अभ्यासात पुढे जा, लवकर मोठा हो. घेतानाही दोन्ही हात. समोर उघडायचं नाही, चाचपायचंही नाही. हॉटेलातला रखवालदार, खोली साफ करणारी बाई, रोजचा कॉफीवाला यांनाही पाकीट द्यावं. सणाला घरी न जाता राहिलेली ही माणसं आहेत.

घरात आणि ताटावर

चपला दाराशी. आत गेल्यावर आधी सर्वांत वृद्ध माणसाला अभिवादन, मग उतरत्या वयाने. तुमचं वय, लग्न, मुलं, पगार हे सगळं विचारतील. वय कळल्याशिवाय तुम्हाला दादा म्हणायचं की काका की धाकटा भाऊ, हेच ठरत नाही, तेव्हा ती चौकशी नुसती भोचकपणाची नसते. पगाराचं उत्तर हसून टाळता येतं.

पूर्वजांच्या वेदीवर फोटो, उदबत्त्या आणि पाच फळांचं तबक असतं. बाजूला उसाचे दोन उंच दांडे दिसले तर ते पूर्वजांना परतीच्या वाटेवर काठी म्हणून ठेवलेले असतात. वेदीकडे पाय करून बसू नका, तिच्यावरचं काही उचलू नका, विचारल्याशिवाय फोटो नको. उदबत्ती लावायला सांगितली तर एक किंवा तीन, विषम संख्येत. ज्योत फुंकू नका, हाताने हलवून विझवा.

ताटावर बसल्यावर लगेच सुरुवात करायची नाही. घरातले धाकटे थोरांना ‘मोय’ म्हणून जेवायची विनंती करतात, मग थोरांनी घास घेतला की तुम्ही. चॉपस्टिक भातात उभ्या खोवू नका, ते मृतासाठीच्या भाताचं चिन्ह आहे. वाटीत कुणीतरी सतत काहीतरी वाढत राहील. नाही म्हणून उपयोग नाही, वाटी अर्धी भरलेली ठेवा म्हणजे वेग कमी होतो.

शाकाहारींनी मन घट्ट करून यावं, पण निराश होऊ नये. बान चुंगमध्ये मांस, सारात मांस, जिथे मांस नाही तिथे फिश सॉस, आणि लाल भातात कधीकधी डुकराची चरबी. मात्र चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार करणारी माणसं इथे भरपूर आहेत. ‘कोम चाय’ अशी पाटी असलेली खानावळ म्हणजे बौद्ध पद्धतीचं शुद्ध शाकाहारी जेवण, आणि देवळांच्या आसपास त्यातल्या काही पहिल्या दिवशीही उघड्या असतात. ‘तोई आन चाय’ (मी शाकाहारी खातो) हे वाक्य व्हिएतनामी लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. उच्चाराचे चढउतार जमले नाहीत तर तोंडी सांगून भलतंच ताटात येतं. घरी आमंत्रण असेल तर दोन दिवस आधी कळवा. शाकाहारी बान चुंगही मिळतो. अंड्यांचं काय, हे वेगळं सांगा. आणि चहाबरोबर येणारं मुत, म्हणजे साखरेत मुरवलेलं खोबरं, आलं, कमळबी, कुमक्वाट, यावर मनसोक्त हात मारा.

सायगॉनमध्ये असाल तर बेन थान बाजाराजवळच्या त्रुओंग दिन्ह रस्त्यावर मारिअम्मनचं देऊळ आहे. तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं, पण आज तिथे रांगेत व्हिएतनामी भाविकच जास्त. भिंतीला कपाळ टेकवून पुटपुटणारी माणसं पाहिली की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

भेटवस्तू आणि कपडे

सुपरमार्केटात तेतसाठी बांधलेल्या टोपल्या मिळतात: बिस्किटं, चहा, वाइन, सुका मेवा. निर्धास्त घ्या. भारतातून न्यायचंच तर चांगला आसाम चहा, चिक्की, सोनपापडी. कोकणातले काजू नेऊ नका. व्हिएतनाम जगातला सर्वांत मोठा काजू निर्यातदार आहे, यजमान घरातलेच काजू तुमच्यापुढे ठेवेल.

सुरी, कात्री, घड्याळ, रुमाल या वस्तू टाळा. वेष्टन लाल, पिवळं, सोनेरी चालेल, पांढरं आणि काळं नको. फळांत उत्तर-दक्षिण फरक आहे. हनोईत हिरव्या केळ्यांचा फणा तबकाचा पाया असतो. सायगॉनमध्ये केळ्याचं नाव घसरण्याच्या शब्दासारखं ऐकू येतं म्हणून ते तबकात ठेवत नाहीत. तिथे सीताफळाच्या जातीतलं मांग काउ, नारळ, पपई, आंबा चालतं. कलिंगड दोन्हीकडे चालतं. भेट आधी एकदा-दोनदा नाकारली जाईल, मग घेऊन न उघडता बाजूला ठेवतील. त्यात थंडपणा नाही.

कपड्यांचं सोपं आहे: उजळ रंग घाला. संपूर्ण पांढरा किंवा संपूर्ण काळा पोशाख अशुभ समजतात. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. परदेशी बाईने आओ झाय, म्हणजे तिथला पारंपरिक लांब पोशाख, घातला तर कौतुकच होतं, भाड्यानेही मिळतो.

शुभेच्छा एकच पाठ करा: ‘चुक मुंग नाम मोय’, नववर्षाच्या शुभेच्छा. उच्चार चुकला तरी चालतो, कारण त्या दिवसांत सगळे तेच म्हणत असतात.

तिसऱ्या दिवसानंतर

तिसऱ्या दिवसाच्या आसपास घरात कागदी पैसे जाळून पूर्वजांना निरोप देतात. मग दुकानं शुभ मुहूर्त बघून एकेक करून उघडतात. वर्षाची भवानी इथेही फार मानतात. म्हणून या दिवसांत सकाळी लवकर दुकानात शिरून दहा वस्तू उलथ्यापालथ्या करायच्या, घासाघीस करायची आणि रिकाम्या हाताने निघायचं, हे करू नका. घ्यायचं नसेल तर दहा-अकरानंतर जा.

पाचव्या दिवशी हनोईत दोंग दाची जत्रा असते, 1789 साली सम्राट क्वांग त्रुंगने चीनच्या चिंग राजवटीच्या सैन्याचा पाडाव केला त्याची. सहाव्या दिवशी चुआ हुओंग, म्हणजे सुगंधी देवळाचा हंगाम सुरू होतो. होडीतून जायचं, मग डोंगर चढायचा. सुरुवातीच्या दिवसांत गर्दी जीवघेणी असते, तेव्हा आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी जा.

कामासाठी आलेल्यांनी कॅलेंडरकडे नीट बघावं. वर्षाचा पहिला महिना खाण्याचा-हिंडण्याचा, असं लोकच म्हणतात. कचेऱ्या सुट्टी संपल्यावर उघडतात खऱ्या, पण पहिले काही दिवस शुभेच्छा, पाकिटं आणि देवदर्शनात जातात. करार, माल पाठवणं, मोठ्या बैठका पहिल्या पौर्णिमेनंतर ठेवा. 2027 मध्ये ती 20 फेब्रुवारीला, शनिवारी आहे, म्हणजे सोमवार 22 पासून पुढची तारीख मागा.